लमूनची जीभ

"कच्चं मी खाल्लंच नाई, तं काय सांगू तुले?" लमून म्हणाली. "कच्च्या मासळीचं कोय नाई, कच्चा खिमा नाई, मुंग्यायची अंडीबी भाजूनच पोटात जाते. दोन वर्षं झाले. तुया वहीत दर हप्त्याले 'नाही'वर फुली मारली ना मी?"

"मारली. मंग ताप आला कुठून, मावशे?"

"तापाले कोन रस्ता इचारते? आला."

विचारणारी पिकुल. खोन केनच्या मोठ्या इस्पितळात संशोधनाचं काम बघणारी नर्स. जन्मानं कालासीनकडच्या खेड्यातली, म्हणून बोली आमचीच. डॉक्टरांसमोर तेवढी बँकॉकची इस्त्री केलेली भाषा काढते. लमूनच्या घराखाली, लाकडी खांबांच्या मधल्या माच्यावर ती मांडी घालून बसली होती. शेजारी बर्फाचा डबा, मांडीवर लमूनची वही. वहीत एकशेचार आठवडे, आणि एकशेचार फुल्या एकाच रकान्यात. 'या आठवड्यात कच्चं मांस किंवा कच्ची मासळी खाल्ली का?' नाही. नाही. नाही.

लमून तीन आठवड्यांपूर्वीच इस्पितळातून परत आली होती. अकरा दिवस फणफणत होती, उजवा गुडघा फुगून पिकल्या पपईसारखा झाला होता, आणि रक्तात जो जंतू वाढला तो तोंडावाटेच पोटात जाणारा होता. तो कुठल्या घासातून गेला, हे शोधायला पिकुल दोन बस बदलून आमच्या नोंग सावानला आली होती. गुरुवारी डॉक्टरांची बैठक होती. त्या बैठकीत लमूनचं औषध चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरणार होतं.

लमून म्हणजे 'ची' नावाच्या नदीच्या काठावरची पाडेकवाली. बँकॉकचे लोक त्याला दुसरं नाव देतात आणि नाकाला रुमाल लावतात, लावू दे. नदीची बारकी मासळी, मीठ आणि भाजलेला कोंडा एकत्र कालवून रांजणात दाबायचा आणि आठ महिने, वर्षभर मुरू द्यायचा, तो पाडेक. तो नसेल तर आमच्याकडे कच्च्या पपईची कोशिंबीर कुटायला कोणी मुसळ उचलत नाही. लमूनच्या घरामागं पत्र्याच्या छपराखाली असे सव्वीस रांजण. धंदा आईकडून आलेला, आणि आईकडून जीभही आलेली. झाकण काढायचं, करंगळीजवळचं बोट बुडवायचं, चाटायचं आणि डोळे मिटायचे. मीठ किती, कोंडा किती भाजला, मासळी वाहत्या पाण्यातली की डबक्यातली, रांजण उघडायला अजून किती दिवस, सगळं तिला त्या एका बोटात कळायचं. बाजारच्या बाया भाव नंतर करत. आधी विचारत, "लमूननं चाटला काय?"

सहा वर्षांपूर्वी तिच्या मानेवर गाठी आल्या. आधी एक, मग ओळीनं पाच, लिंबाएवढ्या. तालुक्याच्या दवाखान्यानं क्षय म्हणून नऊ महिने गोळ्या दिल्या. गाठी गेल्या नाहीत, तर परत नऊ महिने दिल्या. अंगावर चट्टे उठले, फुटले. नवरा खामसिंग तिला भिक्खूंकडे घेऊन गेला, मग मांत्रिकाकडे. म्हाताऱ्यांनी तिचा पळालेला आत्मा हाका मारून बोलावला आणि मनगटाला पांढरे दोरे बांधले. दोरे मळले, आत्मा आला की नाही माहीत नाही, गाठी मात्र होत्या तिथंच. बाई चाळीस किलोवर आली तेव्हा कोणीतरी तिला खोन केनच्या इस्पितळात नेऊन घातली.

तिथल्या डॉक्टरीणबाई बँकॉकच्या, पण समजावून सांगण्यात आमच्या आजीबाईंना हार जाणार नाहीत. त्या म्हणाल्या, "लमूनबाई, तुमच्या अंगातले पहारेकरी ठणठणीत आहेत. रोज सकाळी तुमचा सरपंच भोंग्यावरून गावाला उठवतो ना? तसाच एक भोंगा अंगात असतो, तो वाजला की पहारेकरी उठतात. तुमच्या अंगात कोणीतरी त्या भोंग्यात बोळा कोंबतंय. आणि कोंबणारं बाहेरचं नाही, तुमचंच रक्त आहे."

खामसिंग हळूच म्हणाला, "बाई, मंग तो बोळा हिच्या तोंडात काऊन नाई गेला?"

डॉक्टरीणबाईंना बोली कळली नाही. पिकुल हसली, आणि तेव्हापासून ती या घरची झाली.

हा रोग म्हणे जगात शोधून सापडत नाही; सापडला तर बहुतेक आमच्याच बाजूच्या लोकांत, तोही पिकल्या वयात. त्यासाठी परदेशातून माणसं येऊन आमच्या दंडातलं रक्त बघतात. इस्पितळात ज्या बाकावर आम्ही बसतो, त्याच बाकावर दुसरीकडची लेकरं बसतात. त्यांच्यात जन्मापासूनच राखणदार नसतात, त्यांना महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातली राखण बाटलीतून चढवतात. बाक एकच. लहान लेकरू आणि म्हातारी बाई सारख्याच नळ्या भरून देतात.

इस्पितळाच्या कागदावर 'प्रतिकारशक्ती' हा शब्द होता, तेवढा गावाला पुरला. एड्स झाला म्हणून बोभाटा झाला आणि सहा महिने तिच्या रांजणाला गिऱ्हाईक शिवलं नाही. शेवटी खामसिंगनं सरपंचाला पकडला आणि एका सकाळी भोंग्यावरून, पाण्याच्या पाळीच्या आणि डुक्कर चोरीच्या बातमीमधे, आख्ख्या गावानं ऐकलं की खामसिंगच्या बायकोला 'तो' रोग नाही, दुसरा आहे, आणि तो कोणाला लागत नाही. लमून त्या दिवशी घरातून बाहेर पडली नाही. म्हणाली, "रोग बरा होता, हे आयकनं नाई."

मग संशोधनात घेतलं. अशा तीस जणांना निवडलं. निम्म्यांना जुन्या गोळ्या, निम्म्यांना नवं औषध, जे बोळा कोंबणाऱ्यालाच मारतं. चिठ्ठीत लमूनला नवं औषध आलं. चौथ्या महिन्यात गाठी विरघळल्या. वर्षात अकरा किलो चढलं. पण त्यासोबत तीन पानं नियम आले. अनवाणी चिखलात जायचं नाही. कच्चं खायचं नाही. दर पंधरा दिवसांनी खोन केन, सहा नळ्या रक्त. मुलगा दूर समुद्राकाठी, रायोंग शहरातल्या कारखान्यात. त्याची पोर तीन वर्षांची झाली, आजीनं तिला फोनच्या काचेतच पाहिलं. तिकडं जायचं तर दोन भेटी चुकतात. इस्पितळ, रांजण, इस्पितळ. खुंट्याला बांधलेली म्हैस दाव्याच्या लांबीएवढंच चरते. लमून तेवढंच चरत होती. आणि सगळ्यात वाईट नियम असा की मोठा ताप आला, रक्तात जंतू सापडला, तर औषध हरलं असं धरायचं. हरलं की बंद.

म्हणून पिकुल त्या दिवशी पुन्हापुन्हा विचारत होती. पाणी कुठलं? अंडी? बर्फ? लग्नात जेवलीस? लमून कंटाळली. तेवढ्यात रस्त्यावरून बाजारच्या बाईनं हाक दिली, की उद्या एक रांजण लागेल, कोणता तयार आहे. लमून माच्यावरून उठली, लंगडत मागं गेली, चौथ्या रांजणाचं झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले.

"यो नाई, पंधरा दिवस अजून," ती ओरडली. मग शेजारचा उघडला. पुन्हा बोट, पुन्हा जीभ. "हा घेऊन जा उद्या."

वळली तर पिकुल मागं उभी.

"मावशे, हे काय केलं?"

"काय केलं?"

"चाटलं."

"मंग? नाई चाटलं तं समजन कसं? भोंग्यावरून इचारू काय त्याले?"

"हे कच्चं आहे."

लमून खरोखर हसली. "पाडेक कच्चा? काय वं पोरी, तुया मायनं तुले काय खाऊ घालून वाढवलं? चुलीवर शिजते ते चुलीचं, रांजणात शिजते ते रांजणाचं. आठ महिने मिठात बसलेली मासळी कच्ची म्हनतं तं मंग शिजलेलं काय असते?"

 पिकुल तिथंच एका उपड्या टोपलीवर बसली. कारण त्या वहीतला प्रश्न बँकॉकहून आला तेव्हा तोच तर तिला वाचायला दिला होता, की तुमच्या लोकांना कळेल का बघ. तिनं वाचला आणि म्हणाली होती, कळेल. तिची स्वतःची आईसुद्धा पाडेकला कच्चं म्हणत नाही. त्या दिवशी सकाळी बस थांब्यावर तिनं स्वतः पाडेक घातलेली पपई खाल्ली होती, न उकळलेला, सरळ बाटलीतला. तीस वह्या. सगळे इकडचेच. सगळ्यांच्या फुल्या एकाच रकान्यात.

"हा चौथा किती दिवसांचा?" तिनं विचारलं.

"साडेसात महिने."

"आणि एकदम नवा?"

"तो कोपऱ्यातला. दोन महिने झाले. त्यात मीठ जराक कमी पडलं होतं, म्हनून रोज पाहू रायली."

"पाहू रायली म्हणजे चाटू रायली."

"मंग काय डोळ्यानं?"

मग पिकुलनं सगळं सरळ सांगितलं. हे मी लिहिलं नाही, तर गुरुवारी ते म्हणतील औषध हरलं, आणि तुझं बंद होईल. लिहिलं, तर कदाचित म्हणतील की ताप रांजणातून आला, औषधाचा दोष नाही, चालू ठेवा. नाहीतर म्हणतील बाईनं नियम मोडला, काढा बाहेर. आणि ठेवलं तरी रांजणाला तोंड लावू देणार नाहीत. मी लिहू का नको, हे तू सांग. मी उद्यापर्यंत थांबते.

लमूननं विचार केला नाही असं नाही. पण तिचा विचार दुसरीकडेच गेला.

"बाकीच्यायलेबी इचारशीन?"

"लिहिलं तर विचारावंच लागन."

"मास्तरलेबी?"

मास्तर म्हणजे रोई एत गावाकडचे सुबान मास्तर, निवृत्त, इस्पितळातल्या बाकावर नेहमी लमूनच्या डाव्या हाताला बसणारे. मागच्या वर्षी सोंगक्रानच्या सणाला लमूननं बाकावरच्या सगळ्यांना एकेक बाटली पाडेक दिला होता, आपल्या हातचा, आणि मास्तरांना दोन, कारण त्यांची बायको वारली होती आणि घरी कोणी करणारं नव्हतं. घाईघाईत भरलेला, कोवळाच होता तो. महिनाभरात मास्तरांना ताप आला. रक्तात जंतू सापडला. औषध हरलं म्हणून त्यांचं बंद केलं. आता मास्तर गळ्याला उपरणं गुंडाळून येतात, उन्हाळ्यातसुद्धा, कारण गाठी परत आल्या आहेत.

लमूननं उघड्या रांजणावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "लिव. मास्तरच्या बाटलीचंबी लिव."

"ते लिहिलं तर तुझ्यावर येईल, मावशे."

"येईन तं येईन. लिव म्हनलं ना."

पिकुलनं लिहिलं. जाताना पाच रांजणांतला पाडेक नळ्यांत भरून बर्फाच्या डब्यात नेला. खामसिंग शेतावरून आला, त्याला कळलं, आणि पहिल्यांदा त्यानं थट्टा केली नाही. एवढंच म्हणाला, की लोकांनी भोंग्यावर ऐकलेलं विसरायला तीन वर्षं लागली, आता हे.

गुरुवारी लमून खोन केनला बाकावर बसली होती. आत बैठक. डाव्या हाताला मास्तर. समोर एक आई चार वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन बाटली चढवत बसली होती. लमूननं मास्तरांना सगळं सांगितलं, मान खाली घालून, थेट. बाटली कोवळी होती. मीठ कमी होतं. मले वाटलं शिजला म्हनून.

मास्तरांनी समोरच्या पोरीच्या नळीकडे बघितलं. उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "पाडेक चांगला होता, बाई."

 लमूनला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बैठकीचा निकाल डॉक्टरीणबाईंनी सांगितला. पाचपैकी एका रांजणात जंतू सापडला, कोपऱ्यातल्या कोवळ्या. लमूनच्या रक्तातला तोच. म्हणजे एवढा जंतू आत जाऊनही तिच्या अंगानं झुंज दिली, ते औषधामुळेच असावं, असं काहींचं म्हणणं पडलं. तिचं औषध चालू राहील. पण रांजणात उघडा हात नाही, तोंड तर नाहीच, कधीच नाही. पुन्हा झालं तर नाव कमी. सगळ्यांच्या वह्यांत आता नवा रकाना येणार, पाडेकचा, उकळलेला की न उकळलेला. मास्तरांची बाटली केव्हाच संपली होती, त्यामुळं तिच्यात काय होतं हे कोणाला सांगता येत नव्हतं. त्यांचं औषध बंद ते बंदच. कागद मात्र परत उघडले आहेत, असं त्या म्हणाल्या. कधीपर्यंत, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"आणि हे संशोधन संपलं की?" खामसिंगनं विचारलं.

"पुढच्या पावसाळ्यात संपतंय. मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे वळवले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं.

लमून घरी आली तेव्हा सव्वीस रांजण होते तिथंच होते. कोपऱ्यातला कोवळा खामसिंगनं लगेच मातीत पुरून टाकला, उरले पंचवीस. बाजारची बाई दाराशी उभी. चाटला काय? लमून नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. उद्या ये म्हणाली. खामसिंगची जीभ कामाची नाही. चाळीस वर्षं तंबाखू आणि मिरचीनं तिची चामडी झाली आहे. त्याला मीठ आणि साखर यांतला फरक कळतो, तेवढाच.

मग रस्त्याच्या पलीकडं राहणारी बुनलाय उरली. बुनलाय म्हणजे खामसिंगची धाकटी बहीण. पाडेकवालीच. आठ वर्षांपूर्वी देवळातल्या जेवणात लमूननं चारचौघींत सांगितलं होतं, की वन्संचा कोंडा कच्चा राहतो, म्हणून पाडेकला ओल्या कोंबडीचा वास येतो. तेव्हापासून दोघी एका रस्त्याच्या दोन बाजूंनी चालत होत्या. लमूननं रात्र काढली, दुसऱ्या दिवशीची अर्धी सकाळ काढली. मग रस्ता ओलांडला.

काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही. बुनलाय आली, तोंडात सुपारी, हात धुतलेले. लमूननं कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले होते आणि तोंडावर फडकं. तिनं झाकण काढलं आणि दोन पावलं मागं सरकली, पिकुलनं सांगितलं होतं तसं. बुनलायनं सुपारी थुंकली, बोट बुडवलं, चाटलं. डोळे मिटले नाहीत. मिटायची तिला सवय नव्हती.

"अजून चाळीस दिवस," बुनलाय म्हणाली.

लमूनला वासावरून वीस वाटत होते. फडक्याच्या आतून, दोन पावलांवरून, वीस. मोज्यातलं बोट हललं.

"मीठ?"

"बराबर आहे."

"कोंडा?"

बुनलायनं पुन्हा बोट चाटलं, मुद्दाम सावकाश. "कोंडा जराक जास्त भाजला, वयनी. करपट लागू रायला."

कोंडा लमूननं स्वतः भाजला होता. करपला नव्हता. करपला असता तर तिला त्याच दिवशी कळलं असतं. पण आता ते सिद्ध करायला तिच्याकडं काही नव्हतं. तिनं खडू घेतला आणि झाकणावर चाळीस लिहिलं. दुसरा रांजण. बुनलाय म्हणाली, तयार. लमूननं तयार लिहिलं. तिसरा. चौथा. सातव्यापर्यंत बुनलायची जीभ खारटून गेली आणि ती पाणी मागू लागली. लमूननं पाण्याचा तांब्या दिला आणि तोवर पुढचं झाकण उचलून ठेवलं. दुपारी बुनलाय घरी जेवायला गेली. उद्या येते म्हणाली. रोज यावं लागेल, हे दोघींनाही कळलं होतं. 

नदीवरून मासळीच्या तीन टोपल्या आल्या होत्या. लमून त्यांच्यासमोर बसली. खवले काढायला मोज्यातून बोटं नीट चालत नव्हती, मासळी निसटत होती. तिनं एकदा मोजा काढून बाजूला ठेवला. बघितला. परत घातला. मग मीठ घ्यायला उठली, नेहमीच्या मापावर एक मूठ वाढवली, आणि उन्हात मासळी बिघडायच्या आत पहिली टोपली कालवायला लागली.